टोकियोत नोकरीला येताना कपडे कोणते आणावेत?

तुमचे प्रश्न थोडक्यात असे आहेत : एप्रिलमध्ये तुम्ही पुण्याहून टोकियोला एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू होत आहात, नेमणूकपत्रात ‘पोशाखाचे बंधन नाही’ असे लिहिले आहे, पण पूर्वी इकडे राहून गेलेले तुमचे वरिष्ठ ‘काळ्या सुटाशिवाय निघूच नका’ असे बजावतात. तेव्हा पुण्यातच शिंप्याकडून चार-पाच सूट शिवून घ्यावेत का, कुर्ती चालेल का, टिकली-मंगळसूत्राचे काय करावे, आणि येथे येऊन नोकरी शोधणार असलेल्या तुमच्या यजमानांच्या दाढीची काही अडचण होईल का. मी बरीच वर्षे येथे याच व्यवसायात काम करते आणि दर वसंतात नव्याने येणाऱ्या आपल्या मुलामुलींची याच बाबतीत झालेली धांदल पाहते, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

नेमणूकपत्रातले वाक्य आणि वरिष्ठांचा सल्ला, दोन्ही खरे आहेत. येथे पोशाख ठरतो तो पगार देणाऱ्या कंपनीवरून नव्हे, तर आपण प्रत्यक्ष ज्या कचेरीत बसतो तिच्यावरून. जपानमध्ये सॉफ्टवेअर अभियंत्यांना महिनोन् महिने ग्राहकाच्या कचेरीत बसवण्याची पद्धत चांगलीच रूढ आहे. तुमच्या कंपनीची स्वतःची कचेरी टोकियोच्या शिबुया भागात असेल आणि तेथे सगळे टी-शर्ट आणि जीन्समध्ये वावरत असतील, पण तुम्हाला ओतेमाची या बँका-कंपन्यांच्या भागातल्या एखाद्या बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या कामावर पाठवले, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला त्या बँकेच्या माणसांसारखेच दिसावे लागेल. तेथे तुमची ओळख बाहेरून आलेली व्यक्ती अशीच असते, आणि बाहेरून आलेल्या व्यक्तीने तेथल्या माणसांपेक्षा सैल पोशाख करू नये, अशी येथील सर्वमान्य समजूत आहे. म्हणून खरेदीला निघण्याआधी कंपनीला एवढेच लेखी विचारा : पहिले सहा महिने मी कोणाच्या कचेरीत बसणार आहे, आणि तेथे माझ्यासारखे काम करणाऱ्या स्त्रिया काय घालतात? असा प्रश्न विचारल्याबद्दल येथे कोणी नाक मुरडत नाही, उलट आधी विचारून घेतल्याचे समाधानच वाटते.

उत्तर काहीही आले तरी एक गडद सूट तुम्हाला लागेलच. जपानी कंपन्यांचे आणि शाळांचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्या दिवशी नव्या भरतीच्या तरुणांचे स्वागत समारंभ होतात आणि काळ्या किंवा गडद निळ्या सुटातली मुले-मुली गाड्यांमधून घोळक्याने जाताना दिसतात. तुम्ही अनुभवी म्हणून येत असलात तरी त्याच दिवशी रुजू झालात तर समारंभाला बोलावणे येण्याची शक्यता बरीच आहे. पण तो एकच सूट पुण्याहून आणा; चार-पाच शिवून घेऊ नका. आपल्याकडचा शिंपी कामात कमी असतो म्हणून हे सांगत नाही. कापडाची जाडी, कोटाची लांबी, पायघोळाचा (म्हणजे पँटचा) घेर या गोष्टी येथील कचेरीत कशा दिसतात, ते दोन आठवडे आजूबाजूला पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि लग्नसराईसाठी शिवलेल्या सुटाची चमक येथे चटकन डोळ्यांत भरते.

बाकीचे कपडे येथे घ्यावेत. आओकी, आओयामा अशी सुटांचीच साखळी दुकाने जवळजवळ प्रत्येक मोठ्या स्टेशनाजवळ आहेत. साधारण ३० हजार येनच्या आसपास नीट बसणारा, घरच्या मशीनमध्ये धुता येणारा सूट मिळतो, आणि पायघोळाची किंवा बाह्यांची लांबी तेथेच बेतून देतात. बायकांचे माप ७, ९, ११, १३ अशा क्रमांकांत असते. पुरुषांच्या सुटावर ‘ए ५’ किंवा ‘एबी ६’ असे लिहिलेले असते : अक्षर अंगकाठीचे आणि आकडा उंचीचा. ५ म्हणजे सुमारे १७० सेंटिमीटर, ६ म्हणजे १७५. बुटांचे माप मात्र सरळ सेंटिमीटरमध्ये असते, आणि येथे एक अडचण आहे. बायकांचे २५ सेंटिमीटरच्या पुढचे बूट साध्या दुकानांत सहसा मिळत नाहीत, तेव्हा तुमचा पाय मोठा असेल तर काळ्या रंगाचे, कमी टाचेचे, मऊ तळाचे दोन जोड पुण्याहूनच आणा.

टाचांविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण हा येथे केवळ आवडीनिवडीचा विषय राहिलेला नाही. अनेक ठिकाणी बायकांनी टाचेचे बूट घालणे गृहीतच धरले जाई. सन २०१९मध्ये युमी इशिकावा यांनी या सक्तीविरुद्ध सह्यांची मोहीम चालवून श्रम मंत्रालयाकडे निवेदन दिले, आणि त्यावरून देशभर चर्चा झाली. सन २०२०मध्ये जपान एअरलाइन्सने आपल्या महिला कर्मचाऱ्यांवरची टाचेच्या बुटांची अट काढून टाकली. आता सपाट काळे बूट घालून बँकेच्या कचेरीत गेलात तरी कोणी काही म्हणू नये अशी स्थिती बऱ्याच ठिकाणी आली आहे, आणि मला हा बदल मनापासून मोलाचा वाटतो. गच्च भरलेल्या गाडीत पाऊण तास उभे राहून मग दिवसभर काम करणाऱ्या बाईला टाचा उंचावून चालायला लावणे हा निव्वळ अन्याय होता. तुमच्या कंपनीत अजून तशी अट असेल तर रुजू होण्याआधीच विचारून घ्या आणि गरज असेल तर पाय दुखतो असे स्पष्ट सांगा. स्कर्ट घातला तर त्याखाली त्वचेच्या रंगाचे पातळ मोजे अपेक्षित असतात. ते कोपऱ्यावरच्या कोणत्याही चोवीस तास दुकानात मिळतात. एक जादा जोड टेबलाच्या खणात असू द्यावा. मी स्वतः मात्र पायघोळच पसंत करते.

कुर्ती चालते, पण कोठे ते पाहावे लागते. स्वतःच्या कंपनीच्या मोकळ्या कचेरीत गुडघ्यापर्यंतची साधी सुती कुर्ती आणि सरळ पायघोळ अगदी शोभून दिसते. ओढणी मात्र घरी ठेवा, कारण सरकत्या जिन्यांवर आणि गाडीच्या दारांत ती अडकण्याची भीती असते. ग्राहकाकडे जाताना कुर्ती नको. टिकली आणि चमकी यांविषयी मला कोठे नियम आढळलेला नाही. लहान टिकली लावून मी वर्षानुवर्षे काम करते आणि कोणी कुतूहलाने विचारले तर आनंदाने सांगते. मंगळसूत्र आखूड असेल तर गळ्यात राहू द्या, लांब असेल तर सदऱ्याच्या आत घाला. काचेच्या बांगड्या मात्र सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा : येथील कचेऱ्या इतक्या शांत असतात की कळफलकावर हात फिरताना होणारी किणकिण चार टेबलांपलीकडे ऐकू जाते. साड्या दोन आणा. गणेशोत्सवात आणि कचेरीच्या वर्षअखेरच्या मेजवानीत त्या नेसता येतील, आणि त्या दिवशी तुमच्याभोवती माणसे गोळा होतील.

आता उन्हाळा. जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत येथे पावसाळा असतो आणि त्यानंतर सप्टेंबरपर्यंत ३५ अंशांच्या आसपासचा दमट उकाडा, मुंबईच्या ऑक्टोबरइतकाच नकोसा. पूर्वी याही दिवसांत पुरुष कोट-टाय घालून जात आणि त्यांच्यासाठी खोल्या गार ठेवल्या जात. सन २००५च्या उन्हाळ्यात, जुनिचिरो कोइझुमी पंतप्रधान आणि युरिको कोइके पर्यावरणमंत्री असताना, सरकारने ‘कूल बिझ’ नावाची मोहीम काढली : खोलीचे तापमान २८ अंश ठेवायचे आणि टाय व कोट उतरवायचे. सन २०११मध्ये भूकंप आणि फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातली दुर्घटना झाल्यावर विजेची टंचाई आली, तेव्हा पर्यावरण मंत्रालयाने पोलो शर्ट आणि हवाई पद्धतीच्या नक्षीदार शर्टांनाही परवानगी दिली. त्या मोहिमेचा लाभ आज आपल्याला मिळतो. उन्हाळ्यात बहुतेक कचेऱ्यांमध्ये अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि हलके पायघोळ पुरते. तरीही कोट कचेरीत टांगलेला असू द्या, कारण दुपारी अचानक ग्राहकाकडे जावे लागले तर तो अंगावर लागतो. सदऱ्याच्या आत पातळ बनियन किंवा समीज हवेच; घामाने आरपार दिसणारा सदरा येथे अव्यवस्थित समजतात. काही इमारतींत मात्र गारवा बेताबाहेर असतो, म्हणून खुर्चीवर एक स्वेटर आणि मांडीवर घेण्याची छोटी शाल ठेवण्याची बायकांची रीतच आहे.

हिवाळ्याचा जड कोट पुण्यात शोधत बसू नका, नोव्हेंबरमध्ये येथेच घ्या. पण त्याच्याशी जोडलेली एक सवय आजच सांगते, कारण ती कोणी मुद्दाम शिकवत नाही. ग्राहकाच्या इमारतीपाशी पोहोचल्यावर, दाराबाहेर थंडी कितीही असो, माणसे आधी थांबतात, ओव्हरकोट उतरवतात, त्याचे अस्तर बाहेर येईल अशी घडी घालतात आणि तो हातावर घेऊनच आत शिरतात. बाहेरची धूळ दुसऱ्याच्या घरात झटकायची नाही, हा त्यामागचा विचार. आत बसल्यावर पिशवी खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवतात, टेबलावर नाही. म्हणून कचेरीची पिशवी सपाट तळाची, आधाराशिवाय उभी राहणारी असावी. हे इतके बारीक आहे की चुकले तरी कोणी बोलून दाखवणार नाही, पण पाहणारे पाहतात.

वासाचा विषय नाजूक आहे, तरी आपल्या माणसाने आपल्या माणसाला सांगायलाच हवा. येथील लहान घरांत ओटा आणि कपड्यांची खुंटी यांत चार पावलांचे अंतर असते, आणि लसणाची फोडणी लोकरी कोटात आठवडाभर मुरून राहते. आपल्याला तो वास घरचा वाटतो. बंद गाडीत शेजाऱ्याला तसा वाटत नाही. स्वयंपाकाआधी सूट आणि कोट आतल्या खोलीत, दार लावून ठेवा, पंखा चालू ठेवा आणि कपडे बाल्कनीत वाऱ्यावर टाकत जा. वास झाकण्यासाठी अत्तर शिंपडू नका, कारण उग्र सुगंधाचीही येथे तितकीच तक्रार होते. यात स्वयंपाक बदलण्याची किंवा लाजण्याची काहीच गरज नाही.

बूट काढावे लागतात अशा जागा कामाच्या दिवसातही येतात : तातामीची (जमिनीवर गवती चटया अंथरलेली) उपाहारगृहे, काही दवाखाने, काही जुनी कारखान्यांची कार्यालये. मोजे फाटलेले नसावेत, एवढे पुरे.

एक प्रसंग मात्र आधी ध्यानात घ्या. सहकाऱ्याच्या आई-वडिलांचे निधन झाले तर कचेरीतली माणसे दर्शनाला जातात आणि तेथे गर्द काळा, बिनचमकीचा शोकाचा पोशाख लागतो. कचेरीचा काळा सूट त्याच्या शेजारी करडा दिसतो. सोने अंगावर दिसू नये, म्हणून मंगळसूत्र आत ठेवावे. मोत्यांची माळ चालते, पण एकेरी. दुहेरी माळेने दुःख दुणावते असे मानतात. हा पोशाख भाड्यानेही मिळतो, त्यामुळे आल्याआल्या घेण्याची घाई नको.

तुमच्या यजमानांविषयी. ते यंत्र अभियंते आहेत, म्हणजे नोकरी बहुधा उत्पादन कंपनीत मिळेल, आणि तेथे प्रश्न फारच सोपा होतो : कंपनी स्वतःच कामाचे जाकीट, पायघोळ आणि पोलादी टोपणाचे बूट देते. अशा अनेक कंपन्यांत कारखान्याचे प्रमुखही सदऱ्यावर तेच जाकीट घालून बैठकीला बसतात. येथे या जाकिटाला खरोखर मान आहे. मार्च २०११च्या भूकंपानंतर पंतप्रधान नाओतो कान आणि त्यांचे मंत्री दूरचित्रवाणीवर सूट नव्हे, तर फिकट निळे कामाचे कपडे घालून देशासमोर आले होते. दाढीबाबत कायद्याची बाजू यजमानांच्या पक्षाची आहे. ओसाका शहराच्या भुयारी रेल्वेतल्या दोन चालकांना दाढी राखल्याबद्दल कामाचे गुण कमी दिले गेले, तेव्हा सन २०१९मध्ये न्यायालयाने दाढी ठेवणे हा व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग मानून चालकांच्या बाजूने निकाल दिला. पण नोकरी मिळाल्यानंतरचे हक्क वेगळे आणि मुलाखतीतला पहिला ठसा वेगळा. धर्माचा किंवा श्रद्धेचा प्रश्न असेल तर त्यांनी दाढी नीट विंचरून, कानशिलांपाशी रेखीव कापून ठेवावी आणि विचारल्यास कारण सांगावे. केवळ आवड असेल, तर पहिली नोकरी पक्की होईपर्यंत ती काढून ठेवणे सोयीचे आहे असे माझे मत आहे. हा निर्णय त्यांनी येथे पोहोचताच घ्यावा, कारण जपानी अर्जावर ३ बाय ४ सेंटिमीटरचा फोटो चिकटवावा लागतो. स्टेशनाबाहेरच्या फोटोच्या खोक्यात, सूट आणि टाय घालून तो काढावा आणि मुलाखतीला जाताना चेहरा त्या फोटोसारखाच ठेवावा.