ग्राहकाच्या दारात उभे राहण्यापूर्वी

एसी दुरुस्तीसाठी नाशिकच्या गंगापूर रोडवरील सोसायटीत जा किंवा पंचवटीतील जुन्या वाड्यात, ग्राहक तुमचे कपडे आणि गळ्यातले ओळखपत्र आधी पाहतो, हत्यारे नंतर. एसीचे बाहेरचे युनिट धुताना शर्ट मळणारच. म्हणून बॅगेत दुसरा धुतलेला शर्ट, फडके आणि जादा मोजे ठेवावेत, कारण बूट दाराबाहेर काढावे लागतात आणि पावसाळ्यात ओल्या मोज्यांचे ठसे फरशीवर उमटलेले कोणालाच आवडत नाहीत. मात्र विजेच्या जोडणीला हात लावायचा असेल, तर कोरडे, रबरी तळव्याचे बूट घालण्याची परवानगी विनयाने मागावी. त्यात संकोच नसावा. अंगठी व कडे काढून ठेवावे, कारण धातू तारेला टेकला तर बोट भाजते. अत्तर माझ्या मते नकोच, आणि कामावर तंबाखू तर मुळीच नको.