आजोबांबद्दल खोटं बोलवत नाही

प्रश्न : माझे आजोबा जाऊन दोन महिने झाले. उमेदीची तीस वर्षं ते पुलांचे आणि उंच इमारतींचे लोखंडी सांगाडे उभारायचे. निवृत्त झाल्यावर शेवटपर्यंत शेती केली. रविवारी सगळे जमणार आहेत आणि नातवंडांतर्फे मी बोलायचंय. आत्या म्हणते, ‘प्रेमळ, कष्टाळू, नातवंडांत रमणारे’ असं लिही. पण ते रमायचे नाहीत. मी गोष्ट सांगत असले की मध्येच उठून शेताकडे चालू लागायचे. लहानपणी मी त्यावरून रडलेय. उलट कुंपणाचा साधा खांबसुद्धा ओळंबा धरून तासभर सरळ करत बसायचे, आम्ही हसायचो. त्यांच्या हत्यारांची पेटी अजून तशीच आहे. काय बोलू?
— एक नात

उत्तर : आत्याचे शब्द बाजूला ठेव. ते कुणाच्याही आजोबांना चिकटवता येतील.

मी अडले ते ‘मध्येच उठून’ या शब्दांपाशी. लोखंडी सांगाड्यांचे नट आवळायची हवेवर चालणारी यंत्रं सहज १०० डेसिबलच्या वर जातात. रोज ८ तास कानावर पडणार असेल, तर ८५ डेसिबलपासूनच धोका धरतात. असं बहिरेपण हळूहळू येतं आणि आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे बारीक आवाज नेतं. पंपाची घरघर ऐकू येते, ढगांचा गडगडाट येतो. निसटतात ती स, श, फ अशी अक्षरं आणि लहान पोरांचं पातळ बोलणं. कुणीतरी बोलतंय एवढं समजतं, काय बोलतंय ते समजत नाही. माणूस दोनदा ‘काय?’ म्हणतो, तिसऱ्यांदा म्हणायला लाजतो आणि काहीतरी काम काढून उठतो.

तुझ्या आजोबांचं हेच झालं असेल, असं मी इथे बसून कसं सांगू? आजीला विचार. टीव्ही किती मोठा लावायचे, कुठल्या बाजूने बोललं की त्यांना पटकन कळायचं. आजीला ठाऊक असणार. तिला कुणी विचारलं नसेल, एवढंच.

आता ती पेटी उघड. तीत बहुधा एक लांब पाना असेल. एका टोकाला नटाचा जबडा, दुसरं टोक निमुळतं होत गेलेलं, सुळ्यासारखं. बोल्टपेक्षा भोक जेमतेम २ मिलिमीटर मोठं असतं, आणि ३० मीटरची पोलादी तुळई ३० अंशांनी तापली की साधारण ११ मिलिमीटर लांबते. मग सकाळी जुळणारी भोकं दुपारी जुळत नाहीत. अशा वेळी तो सुळा दोन्ही भोकांतून घालायचा, अंगाचा भार देऊन तुळई जागेवर आणायची, आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या भोकात बोल्ट सरकवायचा. हे सगळं उंचावर, तुळईवर बसून. पान्याची मूठ बघ, कुठे गुळगुळीत झालीय ते.

आणि तुम्ही ज्याला हसलात तो ओळंबा! तळाचा खांब केसभर कलला तर वर प्रत्येक मजल्याला तो कल वाढत जातो, आणि वर कुणीतरी उभं असतं. तीस वर्षं हे डोक्यात घेऊन वावरलेला माणूस कुंपणाचा खांब अंदाजाने रोवेल? मला विचारशील तर भाषण त्या खांबापासून सुरू कर. हसलात तेही सांग, लोकही हसतील.

रडण्याचं गाळू नकोस. ‘मला वाटायचं, त्यांना माझ्या गोष्टी आवडत नाहीत,’ एवढं एकच वाक्य पुरे. त्यामागोमाग आजीने जे सांगितलं ते, तिच्याच शब्दांत. कान ठणठणीत होते असं ती म्हणाली, तर कानांबद्दल चकार शब्द काढू नकोस. मग ते तुसडे होते, आणि खांब सरळ लावायचे.

आत्याला मात्र शनिवारीच वाचून दाखव. भर सभेत तिला पहिल्यांदा ऐकायला लावू नकोस, वडील तिचे होते.

पाना बरोबर ने आणि मुलांच्या हातात दे. जड असतो, कापडी पिशवीत घालू नकोस, ते टोक फाडून बाहेर येईल.