वाचक विचारतात : पेटी गायब होते, कोथिंबीर उगवत नाही

मे २०२० : करोनाच्या लॉकडाउनला दीड महिना उलटून गेला. इंदूरहून या खेपेला आलेल्या प्रश्नांमध्ये ‘वेळ कसा घालवू’ असं विचारणारं जवळजवळ कोणी नाही. बहुतेकांनी काहीतरी सुरू केलंय आणि ते कुठेतरी अडलंय. उत्तर द्यायला हे सोयीचं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं वगळली आहेत.

आमचं बायकांचं भजनी मंडळ दर गुरुवारी लोकमान्यनगरात जमायचं. आता व्हिडिओ कॉलवर म्हणतो, पण एकीनं ओळ उचलावी तोवर दुसरीची संपलेली असते. पेटी तर मधूनच गायब होते. महागातलं नेट घेतलं तर सुधारेल का?

नाही, पैसे वाचवा. हे दोन वेगवेगळे दोष आहेत आणि दोन्ही नेटच्या वेगाशी फारसे संबंधित नाहीत.

पहिला दोष उशिराचा. तुमचा आवाज पलीकडे पोचायला कमी-जास्त पाव सेकंद जातो, तिचा परत यायला आणखी पाव. मध्य लयीत भजनी ठेक्याची एक मात्रा साधारण अर्ध्या सेकंदाची असते, म्हणजे अख्खी मात्रा वाटेतच गेली. एकत्र गाताना सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागापर्यंतचा उशीर कानाला चालतो, त्यापुढे नाही. मग पुढची मागचीसाठी थांबते, मागची आणखी मागे पडते आणि दोन कडव्यांत लय कोसळते.

त्यावर उपाय असा. पेटी, टाळ आणि मुख्य आवाज एकाच घरातून. बाकी सगळ्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरी मोकळ्या गळ्यानं साथ करायची. ऐकणारीला पुढचीचा आवाज आणि स्वतःचा आवाज जुळलेलाच ऐकू येतो, त्यामुळे तिला सोबत गायल्याचं समाधान मिळतं. जी पुढे गाते तिला मात्र कोणाचीच साथ ऐकू येत नाही. म्हणून दर अभंगाला घर बदला, एकीवरच ओझं नको. शेवटच्या गजराला सगळ्यांनी माइक उघडा. लय फाटेल, फाटू द्या. गजराला तेवढं चालतं.

दुसरा दोष पेटीचा. ही ॲप बोलण्यासाठी बनवलेली आहेत. जो आवाज सलग एकसारखा येतो तो त्यांना पंख्याचा वाटतो आणि ती तो पुसून टाकतात. तंबोरा आणि पेटीचा धरलेला सूर नेमका तसाच असतो. झूम संगणकावर वापरत असाल तर ऑडिओच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, मग मीटिंगमध्ये वर डाव्या कोपऱ्यात तेच बटण दाबा. ते दाबल्यावर घुमणारा आवाज अडवणारी सोयही बंद किंवा कमी होऊ शकते, म्हणून पेटीवालीनं इयरफोन लावायचेच. व्हॉट्सॲपमध्ये मे २०२० मध्ये अशी सोय नव्हती, शिवाय तिथे एका कॉलवर तेव्हा आठच जण मावत (एप्रिलपर्यंत चारच होते). फोन पेटीवर ठेवू नका, भात्याचा धक्का माइकमध्ये जातो. दोन हात दूर, पुस्तकांच्या चळतीवर ठेवा. आणि कूलर त्या वेळेपुरता बंद. मे महिन्यात हे सांगणं जिवावर येतं, पण कूलरपुढे पेटी टिकत नाही.

झूमची फुकट मीटिंग ४० मिनिटांनी तुटते. रूपाचा अभंग, मधले चार, गजर आणि आरती एवढं त्यात नीट बसतं. गप्पांसाठी तीच लिंक पुन्हा उघडा.

सगळ्यांचे आवाज खरोखर एकत्र ऐकायचेच असतील तर ते थेट होणार नाही, जोडावं लागेल. आधी पट्टी ठरवा. एकीनं तंबोऱ्याच्या ॲपवर मूळ गाणं म्हणायचं, सुरुवातीला चार मात्रा मोजून एक टाळी वाजवायची. ती फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. बाकीच्यांनी एका फोनवर, तारेच्या इयरफोननं ती ऐकत दुसऱ्या फोनवर स्वतःचा आवाज भरायचा, टाळीवर टाळी देऊन. ब्लूटूथचे इयरफोन नकोत, त्यांचा स्वतःचा उशीर असतो. मग ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या ध्वनिपट्ट्या एकाखाली एक ठेवायच्या आणि टाळीचे उंचवटे एका रेषेत आणायचे. घरातल्या कॉलेजच्या पोराला तासाभराचं काम.

आई ७८ वर्षांची, एकटी राहते, साधा बटणांचा फोन आहे, ऐकू कमी येतं. आम्ही विजयनगरला. रोज फोन करतो पण ‘जेवलीस का, गोळी घेतलीस का’ झालं की दोन मिनिटांत बोलणं संपतं.

आधी ऐकण्याचं बघू. वयानं ऐकू कमी येतं तेव्हा बारीक, उंच आवाज आधी जातात. स, श, फ, थ ही अक्षरं गळतात, स्वर राहतात. आपण ओरडतो तेव्हा आपला आवाज आणखी चढतो, म्हणजे नेमका जिथे तिला ऐकू येत नाही तिथे जातो. आवाज खाली आणा, वाक्य लहान ठेवा आणि नावाशिवाय सुरुवात करू नका. ‘ती येणार होती’ याऐवजी ‘मंदामावशी येणार होती’. आपल्या बाजूचा स्पीकरफोन बंद ठेवा, तो आवाज विहिरीतून आल्यासारखा पोचतो.

स्मार्टफोन शिकवण्याचा आग्रह आत्ता धरू नका. हात धरून शिकवायला तुम्ही तिथे नाही. कॉन्फरन्स कॉल तुमच्याकडून लावा. आधी बहिणीला, मग ‘ॲड कॉल’ करून आईला, मग ‘मर्ज’. आईला फक्त हिरवं बटण दाबायचंय. बहुतेक ठिकाणी असे पाच जणांपर्यंत जोडता येतात. आईला शेवटी जोडा, नाहीतर बाकीचे येईपर्यंत ती ‘हॅलो हॅलो’ करत बसते.

बोलणं संपतं कारण तिच्याकडे सांगण्यासारखी आजची घडामोड नाही आणि तुमच्याकडेही नाही. दूरदर्शनवर २८ मार्चपासून रामायण पुन्हा लागलं तेव्हा हा प्रश्न काही दिवस आपोआप सुटला होता, कारण सकाळी नऊला सगळी घरं एकच गोष्ट बघत होती. आता तिला काम द्या. तिनं सांगायचं, तुम्ही लिहून घ्यायचं. कैरीच्या लोणच्याचं प्रमाण, लग्नातल्या उखाण्यांपैकी आठवतील ते, जुन्या वाड्यात कोणत्या खोलीत कोण राहायचं त्याचा नकाशा. नकाशा सर्वांत चालतो. काल लिहिलेलं आज वाचून दाखवा. ‘चूक आहे, विहीर मागे होती’ असं म्हणत ती पुढचा अर्धा तास बोलेल. ध्वनिमुद्रण करणार असाल तर तिला सांगून करा.

मुलगा सहा वर्षांचा, मुलगी नऊ. रंग संपले, स्टेशनरीची दुकानं बंद. घरात रंग करता येतात असं ऐकलं, पण हळद पाण्यात कालवली तर वाळल्यावर पावडर झडते.

झडणारच, कारण त्यात धरून ठेवणारं काही नाही. लाडवाचा डिंक काढा. एक चमचा डिंक कुटून दोन चमचे कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी ढवळून फडक्यातून गाळा. इथे एक घोटाळा होतो. उन्हाळ्यात सरबतात घालतो तो गोंद कतीरा नको. तो विरघळत नाही, फुगून त्याची जेली होते. बाभळीचाच डिंक हवा. एक चमचा रंगद्रव्य, एक चमचा हे पाणी आणि दोन थेंब मध. मधानं रंग वाळल्यावर तडकत नाही.

हळद पिवळी. तिच्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की डोळ्यांदेखत तांबूस होते. पोरं हे पन्नास वेळा करतील, म्हणून सोडा बशीत थोडाच द्या. कुंड्यांना लावायचा गेरू आणि खडूची भुकटी उत्तम. काळ्यासाठी पणतीच्या ज्योतीवर स्टीलची ताटली धरून काजळी जमवा, हे मोठ्यांनीच करायचं. काजळी पाण्यात तरंगते, आधी तिच्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब घोटावा लागतो. बीटचा गुलाबी बघायला झकास, पण काही दिवसांत मळकट तपकिरी होतो. हळद उन्हात उडते. टिकतात ते गेरू, खडू आणि काजळी, कारण माती आणि कोळसा उन्हाला दाद देत नाहीत.

कागद नसेल तर पार्सलचा पुठ्ठा घ्या, त्यावर गेरूचे दोन हात द्या आणि वाळल्यावर माळव्यातला मांडणा (भिंतीवर-अंगणात काढतात ती रांगोळीसारखी नक्षी) काढू द्या. खडूच्या पांढऱ्यात भिजवलेली कापडाची चिंधी तीन बोटांत धरायची आणि अनामिकेनं रेघ ओढायची. ब्रशपेक्षा पोरांना हे लवकर जमतं.

चुलत-मामे भावंडं मिळून घराचं हस्तलिखित काढायचं म्हणतोय. इंदूर, उज्जैन, पुणे, बडोदा असे विखुरलेले आहोत. कसं जुळवावं?

सोळा पानांचंच काढा. ए-फोरचे चार कागद मधोमध दुमडले की सोळा पानं होतात. कागदाच्या एकाच बाजूला येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी १७ : पहिलं आणि सोळावं, दुसरं आणि पंधरावं. हे एवढं लक्षात ठेवलं की मांडणी चुकत नाही. प्रत्येकानं अर्ध्या ए-फोरच्या आकारात लिहायचं, दुमडीच्या बाजूला दोन सेंटीमीटर कोरे सोडून, काळ्या किंवा गडद निळ्या पेननं. पेन्सिल नको, फोटोत उतरत नाही. हाताच्या अक्षरात एका पानावर सव्वाशे-दीडशे शब्द मावतात. ही मर्यादा आधीच कळवा, नाहीतर एक काका सहा पानांचं प्रवासवर्णन पाठवतात.

फोटो खिडकीजवळ दिवसा, फ्लॅश न लावता, फोन कागदाला समांतर धरून काढा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो, इथेही ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवायचा. झेरॉक्सचं दुकान उघडेपर्यंत पीडीएफ फिरवा. छापून आलं की दुमडीवर तीन भोकं दाभणानं पाडा आणि मधल्या भोकातून आत सुरुवात करून गोधडीच्या दोऱ्यानं शिवा. दोरा पानाच्या उंचीच्या अडीचपट घ्या.

मजकुराबद्दल आमचं मत कडक आहे. फॉरवर्ड एकही नको आणि करोनावरची कविता एकच. विषय देऊनच मागा, ‘काहीतरी पाठव’ म्हटलं की काही येत नाही. एक विषय सुचवतो : वडीलधाऱ्यांनी त्यांच्या आजी-आजोबांकडून ऐकलेल्या प्लेगच्या गोष्टी. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इंदूरला प्लेगनं छळलं होतं. पुढे होळकर दरबारानं पॅट्रिक गेडिस यांना नगररचनेसाठी बोलावलं, त्यांचा अहवाल १९१८ चा. शहर झाडून काढण्यासाठी त्यांनी दिवाळीत मिरवणूक काढली होती आणि तिच्यात प्लेगच्या उंदराची प्रतिमा मिरवली होती. यातलं काही तुमच्या घरात ऐकीव असेल तर ते आत्ता लिहून घेतलं पाहिजे, सांगणारे ऐंशीच्या पुढचे आहेत.

अंकाला तारीख मात्र ठरवा आणि आलेल्या पानांवर अंक काढा. राहिलेल्यांचं पुढच्या अंकात येईल.

सगळे म्हणतात नवं काही शिका. मला काहीच करावंसं वाटत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत करोनाचे आकडे बघत पडतो.

शिकू नका. त्याची सक्ती नाही. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयावरच्या उपचारांसाठी आपल्या शेजारच्या देवासला आले, तेव्हा काही वर्षं त्यांना गाता येत नव्हतं. त्या काळात ते माळव्याची लोकगीतं ऐकत होते. नुसतं ऐकण्याचाही काळ असू शकतो, तुमचा तो असेल.

झोपेचं मात्र बघा. आकडे दिवसातून एकदाच, संध्याकाळच्या सरकारी बुलेटिनचे. बाकीचे सगळे त्याचीच फोडणी असतात. फोनचा चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर न्या, अलार्मसाठी साधं घड्याळ. झोप कधीही लागो, उठण्याची वेळ एकच ठेवा आणि आठच्या आत वीस मिनिटं गच्चीवर उजेडात जा. दुपारची डुलकी अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका. आंघोळ, जेवण, उजेड एवढं वेळेवर झालं तरी दिवस झाला असं समजा.

दोन आठवडे असंच चाललं, भूक गेली, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार यायला लागले तर वाट बघू नका, त्यातही असे विचार आलेच तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरशी बोला. फोनवर सल्ला देण्याची डॉक्टरांसाठीची नियमावली सरकारनं २५ मार्च २०२० लाच काढली आहे. त्यासाठी दवाखान्यात जावंच लागतं असं आता नाही.

कुंडीत धणे पेरले, पंधरा दिवस झाले, एक कोंब नाही.

येणारही नाही. इंदूरला पारा चाळिशीत आहे आणि धण्याला विशी-पंचविशी लागते. आत्ता लाल माठ किंवा राजगिरा पेरा, महिन्याच्या आत कापणीला येतो. पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात उभ्या करा, आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. कुंडीत नुसती काळी माती भरली असेल तर ती वाळल्यावर भेगाळते आणि पाणी कडेनं निघून जातं. माती, वाळू आणि ओल्या कचऱ्याचं खत सारखं मिसळा. पाणी सकाळी आठच्या आत, आणि दुपारी वर जुन्या सुती साडीचं छप्पर. धणे ठेवून द्या, ऑक्टोबरमध्ये रगडून दोन दळं करून पेरा.