दिरांचा जुना फोन घ्यावा की हप्त्यांवर नवा?

प्रश्न: माझा फोन दुपारपर्यंतही टिकत नाही आणि बँकेचं ॲप त्यावर चालेनासं झालंय. मी घरून शिकवण्या घेते, त्यातल्या निम्म्या ऑनलाइन असतात. फोन बंद म्हणजे काम बंद. एक नवा फोन बघून ठेवलाय. त्याची किंमत माझ्या महिन्याच्या कमाईच्या दीडपट आहे, पण १८ हप्त्यांत मिळतोय. माझे दीर अमेरिकेत असतात. ते त्यांचा तीन वर्षं वापरलेला महागडा फोन माझ्या महिन्याच्या कमाईच्या ६० टक्के रकमेत द्यायला तयार आहेत. मिस्टर म्हणतात, घरचाच माणूस आहे, डोळे झाकून घे. अडीनडीला म्हणून ठेवलेली रक्कम जेमतेम दोन महिन्यांच्या खर्चाएवढी आहे. काय करू?

उत्तर:

ताई, माझं उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. दोन्ही नकोत. तुम्ही राहता त्याच देशात विकला गेलेला, दीड-दोन वर्षं वापरलेला, मधल्या किमतीतला फोन बघा. कमाईच्या ४० टक्क्यांच्या आत, आणि रोखीने. दिरांच्या फोनला मी सरसकट नाही म्हणत नाही, पण तो पैसे मोजण्याआधी पारखून घ्यावा लागेल, आणि मला वाटतं त्या पारखणीत तो टिकणार नाही.

तुमच्या फोनची नुसती बॅटरीच गेली असती तर बॅटरी बदला आणि अजून वर्षभर काढा, असं सांगून मोकळा झालो असतो. पण बँकेचं ॲप बंद पडलंय म्हणजे बहुधा फोनची सिस्टिमच जुनी झालीय. त्यावर आता पैसे घालण्यात अर्थ नाही.

फोनची किंमत किती, हा प्रश्न मी नेहमी दुसऱ्या जागी ठेवतो. पहिला प्रश्न असा, की तो किती महिने बिनघोर चालेल? तुमची महिन्याची कमाई १०० धरू. नवा फोन १५० चा. चार वर्षं वापरला तर महिन्याला साधारण ३ पडतात. दिरांचा फोन ६० चा, त्यात नव्या बॅटरीचे १० धरा, म्हणजे ७०. तीन वर्षं जुन्या फोनला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट आणखी दोन वर्षं मिळतील असं मानलं, तरी २४ महिन्यांना ७०, म्हणजे पुन्हा महिन्याला ३ च्या आसपास! स्वस्त दिसणारा फोन नव्याच्या पंगतीत जाऊन बसला. मी म्हणतो तो मधला जुना फोन ३८ चा, बॅटरी-बिटरीचे ७ धरून ४५, आणि अडीच वर्षं चालला तर महिन्याला दीड. विकताना काय येईल ते मी मुद्दाम धरलेलं नाही, कारण आपल्या घरांत जुना फोन विकला जातच नाही, तो कुणाच्या तरी हातात जातो.

अपडेटचा हिशेब करताना एक घोळ बहुतेक जण घालतात. वर्षं मोजायची ती तुम्ही फोन घेतल्यापासून नव्हे, तर तो फोन बाजारात आला तेव्हापासून. गूगलने पिक्सेल ८ पासून, म्हणजे २०२३ मध्ये, आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलंय. त्याआधीच्या, आणि विशेषतः स्वस्त अँड्रॉइड फोनना इतकं आयुष्य नाही. काहींना दोन-तीन वर्षांतच रामराम. त्यामुळे ‘फक्त सहा महिने वापरलाय’ या वाक्यावर खूश होऊ नका. मॉडेल कोणत्या वर्षीचं, ते विचारा.

आता हप्त्यांबद्दल. १५० चे १८ भाग म्हणजे महिन्याला ८ च्या वर. आकडा छोटा वाटतो, पण शिकवण्यांची कमाई बारा महिने सारखी नसते. सुट्ट्यांत ती आटते, हप्ता मात्र आटत नाही. हाताशी दोनच महिन्यांचा खर्च असताना दीड वर्षासाठी ठरलेला खर्च गळ्यात बांधून घेणं मला पटत नाही. ‘बिनव्याजी हप्ते’ असं सांगत असतील तर तोच फोन रोखीने केवढ्याला देता एवढंच विचारा. जो फरक सांगतील ते व्याज समजा, आणि प्रोसेसिंग फी असेल तर तीही त्यातच मिळवा.

आता दिरांच्या फोनचं. इथे प्रश्न पैशांपेक्षा टॉवरचा आहे, आणि टॉवरचा प्रश्न शेवटी पैशांचाच होतो. ज्या फोनवर तुमच्या कंपनीची रेंज नीट येत नाही, त्याचे ‘चालणारे महिने’ शून्य. शून्याने भागायला गेलात तर कितीही स्वस्त फोन महागच.

प्रत्येक मोबाइल कंपनी ठरावीक लहरींवर चालते, त्यांना बँड म्हणतात आणि त्यांना क्रमांक असतात. अमेरिकेत १२, १३, ७१ हे ४जीचे बँड चालतात, युरोपात २० चालतो, भारतात ४० चा बराच वापर आहे. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे बँड घेऊन विकला जातो. म्हणून फोनच्या नावावर जाऊ नका. सेटिंगमध्ये ‘अबाउट’खाली मॉडेल नंबर असतो (आयफोनवर ए आणि चार आकडे, सॅमसंगवर एसएम पासून सुरू होणारा), तो लिहून घ्या. कंपनीच्या साइटवर त्या नंबरसमोर बँडची यादी मिळते. ती तुमच्या मोबाइल कंपनीच्या बँडशी ताडून बघा. सगळे जुळायला हवेत असं नाही, पण ७०० ते ९०० मेगाहर्ट्झमधला, कंपनीचा जो खालचा बँड असेल तो जुळलाच पाहिजे. खालच्या बँडची लहर लांब जाते आणि भिंती ओलांडते. तो नसेल तर गच्चीत चार दांड्या आणि आतल्या खोलीत शुकशुकाट. तुम्ही शिकवणार आतल्या खोलीतच ना?

बँड जुळले की झालं, असं दुकानदारसुद्धा सांगतात. पण काम अजून अर्धंच झालेलं असतं. पूर्वी फोन इंटरनेटसाठी ४जी वापरायचे आणि कॉल आला की गुपचूप ३जी किंवा २जीवर उतरायचे. आता जगभर ३जी बंद होतंय. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये बंद केलं, ऑस्ट्रेलियात ते २०२४ च्या अखेरीला गेलं. भारतात जिओ २०१६ मध्ये सुरू झालं तेच फक्त ४जीवर, त्यामुळे तिथे सुरुवातीला अनेकांना साध्या कॉलसाठी वेगळं ॲप टाकावं लागलं होतं. कॉल ४जीवरून जाण्याच्या सोयीला व्होल्टी म्हणतात. ती फोनमध्ये असून भागत नाही. त्या मॉडेलला तुमच्या कंपनीच्या जाळ्यावर ती चालू व्हावी लागते, आणि बाहेरून आणलेल्या कित्येक अँड्रॉइड फोनचं घोडं इथेच अडतं. मग व्हॉट्सॲप झकास चालतं आणि साधा फोन लागत नाही.

ऑस्ट्रेलियात तर त्याहून विचित्र प्रकार निघाला. काही फोन रोजचे कॉल ४जीवरून करत होते, पण ००० हा आपत्कालीन नंबर मात्र ३जीवरूनच लावत होते. ३जी बंद झाल्यावर ऐनवेळी मदत मिळाली नसती, म्हणून असे फोन जाळ्यावर घ्यायचेच नाहीत असं तिथल्या कंपन्यांना बजावण्यात आलं. त्यात बाहेर देशातून आणलेले बरेच फोन होते, आणि ते दिसायला अगदी ठणठणीत होते.

दिरांच्या फोनला आणखी दोन-तीन शेपट्या आहेत. अमेरिकेत फोन पुष्कळदा मोबाइल कंपनीकडून हप्त्यावर घेतात आणि हप्ते फिटेपर्यंत तो त्या कंपनीच्या सिमला बांधलेला असतो. बांधलेला फोन तुमचं सिम घेणारच नाही. आयफोन १४ आणि त्यानंतरचे, अमेरिकेत विकलेले आयफोन असतील तर त्यांना सिमचा ट्रेच नाही, सगळं ईसिमवर, म्हणजे कार्ड न घालता फोनच्या आतच चालू करायच्या सिमवर. तुमची कंपनी ईसिम देते का, आणि फोन बदलताना ते किती झटपट बदलून देते, हे आधी विचारा. काही देशांत बाहेरून आणलेला फोन नोंदवावा लागतो, त्यावर पैसेही भरावे लागतात. तुर्कस्तानात नोंदणी केली नाही तर परदेशी फोन १२० दिवसांनी तिथल्या जाळ्यावर बंद पडतो, पाकिस्तानातही कर भरून नोंदणी करावी लागते. तुमच्याकडे काय नियम आहे तो बघा आणि तो खर्च त्या ६० मध्ये मिळवा.

‘घरचाच माणूस आहे’ हे मिस्टरांचं म्हणणं मला उलट्या बाजूने दिसतं. दुकानदाराला आठ दिवसांनी फोन परत नेऊन देता येतो, त्याच्याशी भांडता येतं. दिरांना ‘तुमचा फोन चालत नाही, पैसे परत द्या’ असं कोण म्हणणार? तुम्ही तर नाहीच, आणि मिस्टरही नाहीत. तो फोन गपचूप कपाटात जाईल आणि तुम्ही दुसरा घ्याल. अगदी घ्यायचाच ठरला तर ते सुट्टीवर येतील तेव्हा तुमचं सिम त्यात आठवडाभर चालवून बघा आणि मगच पैसे द्या. हे आधीच मोकळेपणाने बोलून घेतलं तर कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

इथलाच जुना फोन घेताना बँड आणि व्होल्टीची डोकेदुखी बरीचशी संपते, बाकीची उरते. बघायला जाल तेव्हा स्वतःचं सिम आणि चार्जर घेऊन जा. सिम घाला, वायफाय बंद करा आणि घरी एक कॉल लावा. बोलत असताना फोन कानाला न लावता स्पीकरवर ठेवा आणि स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यावर नजर ठेवा. कॉल लागल्यावरही ४जी किंवा व्होल्टीचं चिन्ह तसंच राहिलं तर ठीक. त्या जागी एच, ई (ही ३जी-२जीचीच चिन्हं) किंवा ३जी आलं तर व्होल्टी एकतर सेटिंगमध्ये बंद आहे किंवा चालतच नाही. सेटिंग बघा, पुन्हा कॉल लावा. तरीही उतरलं तर ‘घरी गेल्यावर अपडेट होईल’ हे ऐकून घेऊ नका.

मग *#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसेल. तो बिलावरच्या आणि डब्यावरच्या नंबरशी जुळतो का बघा. चोरीचे किंवा थकलेल्या हप्त्यांचे फोन ज्या यादीत टाकतात ती तपासायची सोय बऱ्याच देशांत आहे, तिथेही घालून बघा. बिल नसेल तर मी तो फोन घेणार नाही, कितीही स्वस्त असो. यानंतर विकणाऱ्याला त्याच्या गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडायला लावा आणि फोन तुमच्यासमोर पूर्ण रिकामा करून पुन्हा चालू करायला सांगा. चालू होताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला तर तो फोन तुमच्या हातात निव्वळ काचेचा तुकडा आहे. हे कुलूप आयफोनवर २०१३ पासून आणि अँड्रॉइडवर २०१५ पासून आहे, आणि ‘माझा माणूस ते काढून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं.

बॅटरीचं फार मनावर घेऊ नका, ती बदलता येते. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर ८० टक्क्यांवर याव्यात अशाच बनवल्यात असं ॲपलच सांगतं. १५ पासून तो आकडा १००० आहे. म्हणजे दोन वर्षांनी बॅटरी थकणं हा दोष नाही, फक्त किमतीतून तेवढे कमी करून मागा. पण मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर सोडून द्या. स्क्रीनच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. पांढरं पान उघडून डाग, पट्टे, जळके ठसे बघा, कारण चांगल्या स्क्रीनचा खर्च कधी कधी जुन्या फोनच्या निम्म्यावर जातो आणि मग नाकापेक्षा मोती जड.

एखाद्या अनोळखी माणसाकडून घेण्यापेक्षा सहा महिने-वर्षाची वॉरंटी आणि परत करायची मुदत देणाऱ्या रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त केलेले जुने फोन विकणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलात तर थोडे जास्त जातील. ते जाऊ द्या. तुमचं काम फोनवर चालतं, तुमच्यासाठी ती रक्कम विम्याच्या हप्त्यासारखी आहे. आणि एवढं सगळं तपासायला वेळ किंवा माणूस नसेल तर ५५ च्या आसपासचा साधा नवा फोन घ्या. तीन वर्षं चालला तरी महिन्याला दीडच पडतो. जुन्यापेक्षा थोडा संथ असेल, हातातले पैसे जास्त जातील, पण कटकट नाही. माझा कल जुन्याकडे झुकतो तो तुमची शिल्लक कमी आहे म्हणून, एरवी या दोघांत मी कुणाची बाजू घेतली नसती.

पैशांचं असं करा. ४५ शिलकीतून काढा आणि जो ८ चा हप्ता तुम्ही दुसऱ्याला भरणार होतात तो दर महिन्याला स्वतःच्याच खात्यात भरा. सहा महिन्यांत काढलेले पैसे जागच्या जागी येतील. पुढचं वर्षभर तसंच चालू ठेवलंत तर १८ महिने संपताना जवळजवळ एका महिन्याच्या कमाईइतकी शिल्लक वाढलेली असेल. सुट्टीच्या महिन्यात ८ ऐवजी ३ भरलेत तरी दारात कुणी येणार नाही.

जुना फोन लगेच कुणाला देऊन टाकू नका. बँकेची, यूपीआयसारखी पैसे पाठवणारी सगळी ॲप नव्या फोनवर सुरू होऊन एक महिन्याचे व्यवहार सुरळीत झाले की मगच तो रिकामा करा. आणि दिरांना आजच विचारून ठेवा: मॉडेल नंबर काय, फोन कुठल्या कंपनीकडून घेतला, हप्ते पूर्ण फिटलेत का, आणि सिमचा ट्रे आहे का. पहिल्या दोन उत्तरांतच बहुतेक निकाल लागेल, आणि नाही म्हणायचं झालं तर कारण फोनचं असेल, नात्याचं नाही.