आधी चॅनेलचं रोजचं काम

प्रिय मुली,

पीएच.डी.साठी वेदनेवर काम करू की चेतापेशींच्या ऱ्हासावर, असं तू विचारलं आहेस. दोन्हीकडच्या प्रयोगशाळा तुला घ्यायला तयार आहेत, याचा फार आनंद झाला. उत्तर मात्र थोडं वळसा घेऊन देते, कारण तुझं खरं प्रेम आयन चॅनेलवर, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या विद्युतभारित कणांच्या दारांवर आहे, हे तुझ्या पत्राच्या ओळीओळीत दिसतं. तसं असेल तर आजार नंतर ठरव. ज्या चॅनेलला हात घालशील ते निरोगी शरीरात दिवसभर काय करत असतं, हे आधी शिक. आमच्या क्षेत्रातल्या मोठमोठ्या निराशा मी पाहिल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच या एका गोष्टीची घाई केल्यामुळे आल्या.

टीआरपीव्ही-१ या उष्णता ओळखणाऱ्या चॅनेलची गोष्ट तुला ठाऊक आहे, तरी ती पुन्हा वाच, मूळ शोधनिबंधातून. १९९७ साली सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं मिरचीतल्या कॅप्सायसिनला एरवी दाद न देणाऱ्या पेशी घेतल्या, त्यांत संवेदी चेतापेशींतली जनुकं गटागटानं घातली आणि कोणत्या गटात पेशीतलं कॅल्शियम वाढतं ते पाहत बसले. गट फोडत फोडत एका जनुकापर्यंत पोचले. त्या जनुकाचं चॅनेल मिरचीनं उघडतं, आणि साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनंही उघडतं. वेदनेच्या रेणूपर्यंत इतक्या सरळ वाटेनं पोचलेले प्रयोग थोडे आहेत. २०२१च्या नोबेलचा अर्धा वाटा या कामाला मिळाला, तो योग्यच होता.

त्यानंतर काय झालं हे पाठ्यपुस्तकात कमी सांगतात. औषध कंपन्यांनी हे चॅनेल बंद करणारे रेणू तयार केले. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना त्यातला एक दिला, तर काहींचं शरीराचं तापमान ३९ अंशांच्या वर गेलं आणि लवकर उतरेना. दुसऱ्या काही रेणूंनी उष्णतेची जाणीव इतकी बोथट केली की माणूस कढत पाण्यानं भाजून घेईल अशी भीती वाटू लागली. शरीराचं तापमान सांभाळण्यात या चॅनेलचा हात आहे, आणि हात मागे घे म्हणून तेच तर सांगत असतं. वेदना थांबवताना आपण पहारेकऱ्यालाही झोपवत होतो. याच चॅनेलवर उलट बाजूनं चाललेला उपाय मात्र टिकला: ८ टक्के कॅप्सायसिनची पट्टी. चॅनेलला अतिरेकानं चेतवून त्वचेतली चेतातंतूंची टोकं काही काळ निकामी करायची, तीही फक्त दुखतंय तेवढ्याच जागी. नागिणीनंतर मागे उरणाऱ्या आगीसाठी ती वापरतात.

नॅव्ह १.७ची हकीकत याहून बोलकी आहे, म्हणून तिथं जरा थांबते. २००४ साली चीनमधल्या एका कुटुंबात हातापायांची लाही लाही होणाऱ्या आजाराचं मूळ या सोडियम चॅनेलच्या जनुकात सापडलं. तिथं चॅनेल वाजवीपेक्षा सहज उघडत होतं. दोनच वर्षांनी उत्तर पाकिस्तानातल्या तीन कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या मुलांमध्ये हेच चॅनेल चालत नव्हतं आणि त्यांना जन्मापासून वेदना माहीतच नव्हती. ज्या मुलामुळे हा शोध सुरू झाला तो रस्त्यावर खेळ करायचा, दंडातून सुरी आरपार घालायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. चौदाव्या वाढदिवसाच्या सुमारास छतावरून उडी मारून तो गेला. शास्त्रज्ञांना त्याची भेटही झाली नाही. आपल्या शास्त्रात अशी माणसं केवळ ‘केस’ म्हणून उरतात. तू लिहिशील तेव्हा त्या मुलाचा उल्लेख आदरानं कर.

वेदना नसणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुष्ठरोगानं कधीच दाखवून दिलं होतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी जगाला पटवलं की बोटं झडतात ती रोगानं कुजून नव्हे. जाणीव गेलेला हात गरम भांड्यावर टेकतो, जखम कळत नाही, ती चिघळते, आणि बोट जातं. आनंदवनात एखादा दिवस राहून ये. चॅनेल ‘बंद’ करण्याबद्दल तुझी भाषा आपोआप जपून होईल.

नॅव्ह १.७ बंद करणारं औषध म्हणजे वेदनेवरचा रामबाण, असं सगळ्यांनाच वाटलं. रेणू आले, आणि माणसांवरच्या चाचण्यांत एकामागून एक फिके पडले. जनुकानं इतकं स्पष्ट उत्तर दिलेलं असताना असं का व्हावं? एक धागा लंडनमधल्या जॉन वूड यांच्या गटाकडून २०१५ साली मिळाला. हे चॅनेल जन्मतःच नसलेल्या उंदरांमध्ये शरीराची स्वतःची अफूसारखी द्रव्यं वाढलेली असतात. अफूचा परिणाम उलटवणारं नॅलोक्सोन दिलं की त्या उंदरांना, आणि असाच दोष असलेल्या एका बाईलाही, वेदना जाणवू लागली. जन्मापासून नसणं आणि चाळिसाव्या वर्षी गोळीनं बंद करणं यांत केवढं अंतर आहे, ते यातून कळतं. वास घ्यायलाही हेच चॅनेल लागतं. ते जन्मतःच नसलेल्या माणसांना वासही येत नाही. माझ्या मते हे सगळं औषधाच्या आराखड्याआधी फळ्यावर लिहिलेलं असायला हवं होतं.

स्पर्श आणि दाब ओळखणाऱ्या पिएझो-२ चॅनेलच्या बाबतीत तू अशी घाई करू नकोस. ज्युलियस यांच्याबरोबर नोबेल मिळवणाऱ्या आर्डेम पटापूटियन यांच्याकडे बर्त्रां कोस्त यांनी पिपेटनं पेशीला टोचत, एकेक जनुक गप्प करत पिएझो-१ शोधलं. ७२ जनुकांच्या यादीत ते अगदी शेवटचं होतं. पिएझो-२ हे त्याचं भावंड. ते नसलेल्या दोन रुग्णांचं वर्णन २०१६ साली आलं: डोळे उघडे असताना चालू शकणारी ही माणसं डोळे बांधले की झोकांड्या खात होती, कारण आपले हातपाय कुठे आहेत हेच त्यांना आतून कळत नव्हतं. सुजलेल्या जागी नुसता कपडा लागला तरी दुखतं, तेही याच चॅनेलमुळे. ते दुखणं थांबवताना माणसाचा तोल जाणार नाही असा उपाय कुणी शोधला, तर त्याला मी पहिला नमस्कार करीन.

आता आशेची बातमी. ३० जानेवारी २०२५ला अमेरिकेत सुझेट्रिजिनला मान्यता मिळाली. ते नॅव्ह १.८ बंद करतं. हे चॅनेल मुख्यतः शरीराच्या परिघावरच्या, दुखणं वाहून नेणाऱ्या चेतापेशींत असतं. मेंदूत त्याचं काम फारसं नाही. म्हणून अफूवर्गातल्या औषधांसारखी सवय लागण्याची भीती नाही. वूड यांच्याच गटानं १९९६ साली ते ओळखलं होतं. जनुकापासून गोळीपर्यंत जवळपास तीस वर्षं. आणि तरीही, शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर गुण देणारं हे औषध कंबरेतून पायात उतरणाऱ्या जुनाट कळेवर नुसत्या खोट्या गोळीहून सरस ठरलं नाही. ताजी वेदना आणि मुरलेली वेदना हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुला वेदनेकडे जायचं असेल तर मुरलेल्या वेदनेकडे जा. मधुमेहानं तळपायांची आग होणारी माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. काम सुरू करण्याआधी एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बस आणि ती आपलं दुखणं कोणत्या शब्दांत सांगतात ते लिहून घे.

ऱ्हासाच्या बाजूबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथं मला कमी कळतं. पण चॅनेलची शिस्त तिथंही तीच आहे. पार्किन्सनमध्ये मरणाऱ्या डोपामिन-पेशी बाहेरून काही इशारा न येताही सतत ठोके देत असतात, आणि प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम आत येतं. ते आवरता आवरता पेशी थकते, असा विचार. रक्तदाबावरचं इस्राडिपिन हे कॅल्शियम चॅनेल आवरतं, म्हणून ते ३३६ रुग्णांना तीन वर्षं दिलं. आजार मंदावला नाही. मेंदूत औषध पुरेसं पोचलं का, की तोवर उशीर झाला होता? हे प्रश्न अजून उघडे आहेत, आणि तुझ्या वयाच्या माणसासाठी उघडे प्रश्न हीच जागा. एएलएस या, स्नायू हळूहळू लुळे पडत जाणाऱ्या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी अति उत्तेजित होतात. २०२१च्या एका छोट्या चाचणीत पोटॅशियम चॅनेल उघडणाऱ्या रेटिगाबिननं ती उत्तेजना खरंच कमी झाली. पेशी त्यामुळे जास्त जगतील का, हे पाहण्याइतकी ती चाचणी लांब नव्हती. तो धागा धरण्यासारखा आहे.

माझं मत विचारशील तर, ज्या प्रयोगशाळेत तुला पहिल्या वर्षी स्वतः रिगवर, म्हणजे पेशीतले विद्युतप्रवाह मोजायच्या मांडणीवर बसू देतील ती निवड. पॅच क्लॅम्प ही मोजणीची पद्धत दुसऱ्याच्या हातून शिकता येत नाही. काचेची बारीक पिपेट पेशीला टेकते, तिच्या टोकाशी घट्ट सील बसतं, आणि एकाच चॅनेलचं उघडणं-मिटणं पडद्यावर पायरीसारखं दिसतं. निहेर आणि साकमन यांनी १९७६ साली पहिल्यांदा पाहिलं ते हेच. ते पाहिलेला माणूस आलेखांवर सहज विश्वास ठेवत नाही, आणि हा अविश्वास तुला जन्मभर पुरेल.

मोठं यंत्र नाही म्हणून अडून मात्र बसू नकोस. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले ओबेद सिद्दीकी यांनी सीमोर बेंझर यांच्याबरोबर १९७६ सालीच, उकाडा वाढला की लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांच्या चेतासंस्थेत नेमकं काय बिघडतं ते मोजलं. त्यातल्या एका माशीचा दोष सोडियम चॅनेलच्या जनुकात आहे हे १९८९ साली कळलं. निरीक्षण नेमकं होतं, म्हणून ते तेरा वर्षांनीही कामी आलं.

दोन्ही प्रयोगशाळांना एकच प्रश्न विचार: गेल्या दोन वर्षांत तुमच्याकडे कोणता प्रयोग अपेक्षेविरुद्ध गेला आणि तो कुठे लिहून ठेवला आहे? उत्तरं आली की मला कळव. प्रस्तावाचा मसुदा आखशील तेव्हा पहिलं पान औषधाचं नको. चॅनेल कोणत्या पेशीत आहे, कधी उघडतं, ते नसेल तर शरीराचं काय अडतं, एवढंच त्यावर लिही आणि ते पान मला पाठव. मी लाल पेन घेऊन वाचते.

सस्नेह,
तुझी मॅडम