बोट लागेल, लागू दे

अरे, शिडाच्या बोटीने लांबच्या समुद्रसफरीला निघालायस खरा, पण गेटवे ते मांडवा चारदा केलंस म्हणून बोट लागणार नाही असं समजू नकोस. पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना लागतेच. आलं चघळ, नजर क्षितिजावर ठेव.

खरा छळ झोपेचा. दोघंच असाल तर चार तास सुकाणूवर, चार तास आडवं. रात्री सुरक्षेचा पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय डेकवर पाऊल टाकायचं नाही, लघवीला सुद्धा! (नौदलाचे अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये मुंबईहून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, त्यांना उठवायलाही कुणी नव्हतं.)

भांडी खाऱ्या पाण्याने घास, शेवटचा हात तेवढा गोड्याचा. कांदे-बटाटे जाळीत टांग. आणि खिचडीचा कुकर अर्धाच भर, माझी एकदा छताला चिकटली होती.