पाठीच्या जखमा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून आहेत. माकडहाडावर रुपयाएवढी जखम झाली आहे. कडुलिंबाच्या पाण्याने धुऊन हळद-खोबरेल लावते, तरी भरत नाही. म्हणून कुशीवर झोपवते, तर आता खुबाही लाल दिसतो. काय चुकतंय?
— एक वाचक, औसा

उत्तर : ताई, जखमेवरचा भार हटत नाही तोवर कोणताही लेप लागू पडायचा नाही. हाड आणि गादी यांच्यात कातडी दाबली गेली की तिथलं रक्त थांबतं आणि मांस मरतं. उताणं झोपवणं बंद करा. मात्र पूर्ण कुशीवर टाकलं की सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं, खुबा लाल झालाय तो त्यानेच. पाठीमागे उशी देऊन अंग साधारण 30 अंशच कलतं ठेवा आणि दर दोन तासांनी बाजू बदला, रात्रीसुद्धा. सरकवताना ओढू नका. दोघांनी चादरीसकट उचला. पोटरीखाली उशी द्या, टाचा अधांतरी राहू द्या.

खुब्याची लाली बोटाने दाबून पाहा. बोट काढल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ गेलेली नाही. तशीच लाल राहिली तर आत इजा सुरू झाली आहे. सावळ्या अंगावर लाली दिसतेच असं नाही, तिथे जांभळटपणा, ऊब, कडकपणा हाताने तपासा. अशा जागी चोळून मालिश मुळीच नको. खोबरेल फक्त धड कातडीला, हलक्या हाताने.

जखम धुवायला एक लिटर पाणी दहा मिनिटं उकळा, चहाचा सपाट दीड चमचा मीठ घाला, निवल्यावर वापरा, दुसऱ्या दिवशी नवं करा. स्पिरिट नको, त्याने नवं मांसही जळतं. घरची हळदपूड निर्जंतुक नसते, शिवाय पिवळ्या थराखाली पू झालेला कळत नाही. कातडी फाटलेली आहे, तेव्हा पट्टी कोणती ते डॉक्टरांनाच जखम दाखवून ठरवा. दुर्गंधी, ताप, काळा भाग, भोवती पसरणारी लाली किंवा तळाशी हाड दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : वडिलांसाठी हवेची गादी आणली आहे. आता रात्री कूस नाही बदलली तर चालेल का? आमच्याकडे लाइट फार जाते.
— एक वाचक, परभणी

उत्तर : नाही चालणार. दोन कुशींमधलं अंतर थोडं वाढवता येईल, तेही कातडी पाहून. गादी काम करते का ते असं ओळखा : माकडहाडाच्या खाली, गादीच्या तळाशी तळहात उपडा न ठेवता वर करून सरकवा. हात आणि अंग यांच्यात इंचभरही फुगलेली हवा जाणवली नाही तर गादीत हवा कमी आहे. लाइट गेल्यावर हवा उतरत असेल तर लगेच फोमच्या गादीवर घ्या. वर गोधडी अंथरू नका, एकच सुती चादर पुरे. जाड थराने हवेचा उपयोग जातो आणि गोधडीचे टाके रुततात. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको, तिच्या कडेने भोवतालचं रक्त अडतं. उन्हाळ्यात घामाने भिजलेली चादर लगेच बदला.

आणि पेज-बिस्किटांवर जखम भरत नाही. 50 किलोच्या माणसाला रोज 60 ते 75 ग्रॅम प्रथिनं लागतात. अंड्यात सहा, अर्धा लिटर दुधात साधारण सोळा मिळतात. बाकी घट्ट वरण, पिठलं, दाण्याचं कूट. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून घ्या. गिळताना ठसका लागत असेल तर आडवं ठेवून भरवू नका.